दशांशचिन्ह वाचवणारा मॅक्रो

पुण्याजवळच्या चाकणमधल्या एखाद्या गाळ्यातून नव्या सुट्या भागाचा पहिला नमुना बाहेर पडतो, त्याच्या कितीतरी आधी त्याच्या स्लाइड बाहेर पडलेल्या असतात. गाडी बनवणारी कंपनी नवा भाग मंजूर करताना पुरवठादाराकडून कागदपत्रांचा जो संच मागते त्याला पीपीएपी म्हणतात. अमेरिकी मोटार उद्योगाच्या एआयएजी या संस्थेच्या पुस्तिकेत त्याचे १८ घटक मोजून दिलेले आहेत. भाग नाकारला गेला की आठ टप्प्यांचा ‘एट-डी’ अहवाल द्यायचा. ही पद्धत फोर्ड कंपनीने १९८७ साली पुस्तिकेच्या रूपात बांधली. लाइनवर सुधारणा झाली की कायझनची स्लाइड, आणि नव्या ऑपरेटरला मशीनची एकच खोड समजावायची असेल तर ‘वन पॉइंट लेसन’. आकडेमोड एक्सेलमध्ये होते, पण दुसऱ्याला दाखवायची वेळ आली की बहुतेक सगळं पॉवरपॉइंटमध्ये येऊन बसतं. योगायोग असा, की पॉवरपॉइंटही १९८७ सालचंच. फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीने ते मॅकिन्टॉशसाठी बाजारात आणलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवण्यासाठी जन्मलेलं हे सॉफ्टवेअर पुढे भोसरी-तळवड्याच्या शेडमध्ये कार्यपद्धती लिहिण्याचं साधन होईल, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं असण्याची शक्यता नाही.

पण झालं तसंच. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, त्याच दशकात टेल्को (आताची टाटा मोटर्स) आली, आकुर्डीला बजाज स्थिरावली. पुढे १९९९ मध्ये बजाजने चाकणला कारखाना काढला आणि २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने तिथे सुरू झाले. मोठ्या कारखान्यांमागे पहिल्या फळीचे पुरवठादार, त्यांच्यामागे दुसऱ्या-तिसऱ्या फळीचे, आणि शेवटी दोन सीएनसी मशीन टाकून टर्निंगचं जॉबवर्क करणारा लघुउद्योजक, अशी ही उतरंड आहे. ड्रॉइंगमधली एखादी दुरुस्ती वरून निघते आणि या पायऱ्या उतरत खाली येते. कार्यालयात ती स्लाइडवर असते. खाली लाइनवर पोहोचते तेव्हा मात्र ती स्लाइड राहिलेली नसते. टीव्हीवर फिरणारं, टॅबवर उघडणारं किंवा सुपरवायझरच्या फोनवर आलेलं चित्र झालेलं असतं. ते चित्र कसं तयार झालं याची चौकशी सहसा कुणी करत नाही. भागाच्या प्रत्येक मापाला टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल याची मर्यादा, असतो, तो भाग ज्या चित्रावरून बनतो त्या चित्राला काहीच नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की स्लाइडचं लहान चित्र करणं ही उत्पादनातली एक पायरी मानावी, तिची मापं ठरवावीत, आणि ती पायरी माणसाच्या हातातून काढून सात-आठ ओळींच्या मॅक्रोकडे, म्हणजे पॉवरपॉइंटमध्येच लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीकडे, द्यावी.

मुळात स्लाइड आहे तशीच का पाठवू नये, हा पहिला प्रश्न. वजन हे त्याचं वरवरचं उत्तर आहे. १२ मेगापिक्सेलच्या फोनने काढलेला कास्टिंगचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो स्लाइडवर टाकून कोपरा धरून काडेपेटीएवढा केला, तरी फाइलमध्ये बहुतेक वेळा जवळजवळ तेवढाच राहतो. असे सहा-सात फोटो झाले की जीमेलची २५ एमबीची मर्यादा आलीच. पण यापेक्षा मोठं कारण फाइलच्या पोटात आहे. पॉवरपॉइंटची पीपीटीएक्स ही प्रत्यक्षात झिप फाइल असते. तिच्या नावाचं शेपूट बदलून झिप केलं आणि उघडलं, तर आत ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरमध्ये सगळे फोटो सुटे मिळतात. स्लाइडवर फोटोची कडा कापून शेजारच्या मशीनवरचा दुसऱ्या ग्राहकाचा भाग झाकलेला असेल, तर तो नुसता झाकलेला असतो. चित्र कॉम्प्रेस करून कापलेला भाग मुद्दाम पुसला नाही, तर तो फाइलमध्ये शाबूत राहतो. एक्सेलमधून चिकटवलेला आलेख तर याहून वाईट. तो अख्खी वर्कबुक बरोबर घेऊन येऊ शकतो, म्हणजे रिजेक्शनचा आलेख पाहायला पाठवलेल्या माणसाला शेजारच्या शीटवरचा दरही दिसू शकतो. वक्त्याच्या टिपा आणि लपवलेल्या स्लाइड आहेतच. या पट्ट्यात एकच पुरवठादार एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्यांना माल देतो, हे नित्याचं आहे. जर्मन मोटार उद्योग २०१७ पासून पुरवठादारांच्या माहिती-सुरक्षेसाठी ‘टायसॅक्स’ नावाची तपासणी वापरतो ती उगाच नाही. चित्रात जेवढं दिसतं तेवढंच असतं, आणि व्यापारात हा गुण फार मोलाचा आहे.

दुसरं कारण खास आपलं आहे. लाइनवरचं मनुष्यबळ मराठवाडा-विदर्भापासून बिहार-ओडिशापर्यंतचं. त्यामुळे सूचना मराठीत आणि हिंदीत, म्हणजे दोन्ही देवनागरीत लागतात. आता अनेक कारखान्यांतल्या जुन्या फाइली युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये आहेत. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम यांनी एका पिढीला संगणकावर मराठी लिहायला शिकवलं, त्यांचे उपकार आहेतच. पण त्या फॉन्टमधलं मराठी अक्षर हे फाइलमध्ये रोमन अक्षरांच्या जागेवर बसवलेलं असतं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर स्लाइड उघडली की ‘सुरक्षा चष्मा घाला’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये लिहिलेली स्लाइडही पूर्ण सुरक्षित नाही. मंगलमध्ये जुळवलेली ओळ निर्मला यूआयमध्ये किंवा अँड्रॉइड फोनवरच्या फॉन्टमध्ये कमी-जास्त लांब होते, चौकटीबाहेर सांडते, आणि बाणाने दाखवलेली सूचना दुसऱ्याच बोल्टसमोर जाऊन उभी राहते. चित्र केलं की अक्षरं जिथल्या तिथे गोठतात. पाहणाऱ्याकडे कुठला फॉन्ट आहे, पॉवरपॉइंट आहे की नाही, या चौकशीची गरजच उरत नाही.

चित्र करायचं एकदा मान्य केलं, की पुढचा प्रश्न हाताने का नको. पॉवरपॉइंटमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करून जेपीजी किंवा पीएनजी निवडलं, की सगळ्या स्लाइड हव्यात की ही एकच, एवढं विचारून ते काम करून देतं. एकदोन वेळा हे पुरतं. रोजच्या कामात मात्र तीन ठिकाणी अडतं. विंडोजवरच्या त्या मेनूत चित्राची रुंदी-उंची विचारलीच जात नाही. २०१३ पासूनच्या रुंद स्लाइडचं चित्र १२८० बाय ७२० पिक्सेलचंच येतं. ते बदलायचं तर विंडोजच्या रजिस्ट्रीत शिरावं लागतं, आणि कुठलाही शहाणा आयटीवाला शिफ्ट इंजिनिअरला तिथे हात लावू देणार नाही. दुसरी अडचण नावांची. चित्रांना स्लाइड-१, स्लाइड-२ अशी नावं मिळतात. संगणकाला १० हा आकडा २ नंतर येतो हे कळतं, पण पेनड्राइव्हवरून चित्रं फिरवणारे बरेच टीव्ही नावं अक्षरांप्रमाणे लावतात. मग १ नंतर १०, ११, १२ येतात आणि २ मागे राहतो. जोडणीच्या बारा पायऱ्यांची मालिका असेल, तर नट आवळण्याचं चित्र आधी आणि वॉशर घालण्याचं नंतर, असा उलटा पाठ लाइनवर सुरू होतो. तिसरी अडचण माणसाची. घाईत कुणी मेनू वापरत नाही, स्क्रीनशॉट मारतो. त्यात खाली टास्कबार, वर कुणाच्या तरी मेलची सूचना, आणि आकार ज्याच्या-त्याच्या स्क्रीनप्रमाणे.

ड्रिलच्या कामाला जिग लावतात, कारण भोक कुठे पडणार हे माणसाच्या त्या दिवशीच्या तब्येतीवर सोडायचं नसतं. मॅक्रो हा चित्राचा जिग आहे. पॉवरपॉइंटमध्ये ऑल्ट आणि एफ-११ या कळा एकत्र दाबल्या की व्हिज्युअल बेसिकची खिडकी उघडते. ही सोय ऑफिस ९७ पासून तिथे आहे. तिथे जी आज्ञा लिहायची तिचं नाव ‘एक्स्पोर्ट’, आणि तिला चार गोष्टी सांगायच्या असतात: फाइलचं नाव, चित्राचा प्रकार, रुंदी आणि उंची. बाकी मॅक्रो म्हणजे पहिल्या स्लाइडपासून शेवटच्यापर्यंत ही आज्ञा फिरवणारं चक्र. चक्रात शिरताना स्लाइड लपवलेली आहे का हे विचारता येतं आणि असेल तर ती वगळता येते. क्रमांक लिहिताना ००१, ००२ असे तीन अंक ठेवले की टीव्हीचा गोंधळ संपतो. आणखी एक बारकावा फार थोडे लोक वापरतात. पॉवरपॉइंट प्रत्येक स्लाइडला तयार होतानाच एक स्वतंत्र ओळखक्रमांक देतं. स्लाइड वर-खाली सरकवली तर तिचा अनुक्रम बदलतो, ओळखक्रमांक बदलत नाही. तो चित्राच्या नावात घातला, तर सहा महिन्यांनी एखाद्या मशीनवर चिकटवलेलं चित्र नेमकं कुठल्या स्लाइडचं, हे शोधता येतं. ज्या उद्योगात बेअरिंगवरच्या नंबरावरून त्याची हीट, बॅच आणि शिफ्ट काढतात, तिथे चित्राला एवढा माग असायला हरकत नसावी.

आता ‘लहान’ म्हणजे किती, हा खरा मुद्दा. बहुतेकजण तो केबीमध्ये मोजतात, आणि तिथेच फसतात. स्लाइडची उंची साडेसात इंच, म्हणजे ५४० पॉइंट. अक्षर किती पिक्सेलचं उमटेल याचा हिशेब सोपा आहे: अक्षराचा पॉइंट आकार गुणिले चित्राची उंची, भागिले ५४०. १४ पॉइंटचं अक्षर ७२० पिक्सेल उंचीच्या चित्रात सुमारे १९ पिक्सेलचं येतं. तेच चित्र ६४० बाय ३६० केलं तर ९ पिक्सेलचं, आणि ३२० बाय १८० केलं तर पाचांहूनही कमी. रोमन अक्षर ९ पिक्सेलमध्ये कसंबसं वाचता येतं. देवनागरीत वर शिरोरेघ, तिच्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि पायमोडकी जोडाक्षरं; एवढा ऐवज ९ पिक्सेलमध्ये मावत नाही. याहून गंभीर गोष्ट आकड्यांची. टिंबाची रुंदी अक्षराच्या साधारण दहाव्या भागाएवढी असते. ९ पिक्सेलच्या अक्षरात ते जेमतेम एक पिक्सेलचं होतं, त्याहून लहान चित्रात शेजारच्या रंगात विरून जातं. ०.०५ मिलिमीटरचा टॉलरन्स असलेल्या मापातलं दशांशचिन्ह नाहीसं झालं, किंवा ± या चिन्हाची खालची रेघ पुसली जाऊन नुसतं + उरलं, तर चित्र बिघडल्यासारखं दिसतही नाही. ते नीटच दिसतं, फक्त चुकीचं सांगतं. अनुभवी सेटर अशा मापाला हसेल आणि ड्रॉइंग मागेल. पण वन पॉइंट लेसन अनुभवी सेटरसाठी नसतो. आयटीआय करून महिन्यापूर्वी लागलेल्या मुलासाठी असतो.

म्हणून चित्राचा आकार उलट्या बाजूने ठरवावा, स्लाइडवरच्या सर्वांत बारीक अक्षरापासून. देवनागरीचं कुठलंही अक्षर १६ पिक्सेलच्या खाली उतरू देऊ नये, असं माझं मत आहे. बारीक अक्षर १४ पॉइंटचं असेल तर उंची किमान ६१८ पिक्सेल हवी, म्हणजे ७२० ठीक, ३६० चालणार नाही. लाइनवरचा टीव्ही १९२० बाय १०८०चा असेल तर त्याच्यासाठी तेवढंच चित्र करावं. ३२० पिक्सेल रुंदीची चित्रं फक्त सूचीसाठी, एक्सेलच्या तक्त्यात ओळीच्या कडेला कुठली स्लाइड ते ओळखण्यापुरती; ती वाचायला नसतातच. मॅक्रो एकाच फेरीत तिन्ही आकार तीन फोल्डरांत टाकू शकतो. इतकंच काय, स्लाइडवरच्या मजकुराचे आकार तपासून ‘अमुक स्लाइडवर अक्षर फार बारीक आहे’ असं सांगून अडूनही बसू शकतो. चूक होऊच न देणाऱ्या पोका-योकेचा अर्थ याहून वेगळा काय?

प्रकाराची निवडही याच हिशेबात येते. जेपीजीचं मानक १९९२ सालचं, आणि ते फोटोंसाठी बनलं. ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला फारसा न जाणवणारा तपशील टाकून देतं. उजेड-अंधार जपतं, रंग बऱ्याचदा जाडसर साठवतं. आकाश, चेहरा, कास्टिंगचा खरखरीत पृष्ठभाग यांत ते खपून जातं. पांढऱ्यावर काळं अक्षर किंवा पिवळ्या पट्टीवर लाल माप असेल तिथे मात्र कडेला धुरकट ठिपके उमटतात. पीएनजी १९९६ मधलं. ते काही टाकत नाही, आणि सपाट रंग व रेघा असल्या तर त्याची फाइलही आटोपशीर होते. एक्स्पोर्टच्या आज्ञेत जेपीजीचा दर्जा कमी-जास्त करायची सोय नाही, त्यामुळे रेघा-आकड्यांच्या स्लाइडला पीएनजी आणि फोटोंनी भरलेल्या स्लाइडला जेपीजी, असा साधा नियम पुरे. आणखी दोन खाचा लक्षात ठेवायच्या. रुंद स्लाइडला ६४० बाय ४८० असं माप दिलं तर मॅक्रो मुकाट्याने ते पाळतो आणि स्लाइड ताणतो. गोल भोक अंडाकृती दिसायला लागतं. उंची हाताने लिहू नये, स्लाइडच्या प्रमाणावरून मॅक्रोलाच काढायला लावावी. आणि अ‍ॅनिमेशन असेल तर एकामागून एक यायच्या वस्तू चित्रात एकमेकींवर चढून एकदम येतात. हे अ‍ॅनिमेशनचं दुखणं आहे, मॅक्रोचं नव्हे. कार्यपद्धतीच्या स्लाइडवर उडत येणारे बाण नसलेलेच बरे.

या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो खरा आहे. १९९५ मध्ये ‘कन्सेप्ट’ नावाचा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतून पसरला, १९९९च्या मार्चमध्ये ‘मेलिसा’ने जगभरच्या मेल-यंत्रणा जाम केल्या, आणि अखेर २०२२च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतले मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. पुण्या-चाकणच्या कंपन्यांतले आयटीवाले मॅक्रोचं नाव काढताच मान हलवतात, त्यात त्यांची चूक नाही. पण धोका असतो तो बाहेरून आलेल्या, कुणी लिहिला ते माहीत नसलेल्या मॅक्रोचा. इथे मॅक्रो घरात लिहिला जातो, घरात राहतो आणि घरातल्याच स्लाइडवर चालतो. तो वेगळ्या पीपीटीएम फाइलीत किंवा अ‍ॅड-इनमध्ये ठेवायचा, त्यावर डिजिटल सही करायची, आणि सही असलेलेच मॅक्रो चालतील अशी सेटिंग ठेवायची. कारखान्याबाहेर जातं ते फक्त चित्र, आणि पीएनजीच्या पोटात मॅक्रो नसतो. उलट आज ग्राहकाला आणि व्हेंडरला पीपीटीएक्स फाइली उघडायची जी सवय लावली जाते, ती कमी झाली तर सुरक्षा वाढेलच.

पीडीएफ का नको, असंही विचारलं जातं. कार्यालयासाठी पीडीएफच हवी. २००८ पासून ते आयएसओचं मानक आहे, त्यात शब्द शोधता येतो, फॉन्ट आत बांधून येतो, आणि दृष्टिहीन माणसाचं स्क्रीन-रीडर ते वाचू शकतं. चित्रातला मजकूर यंत्राला दिसत नाही, ही चित्राची खरी उणीव आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. म्हणून मूळ स्लाइड आणि पीडीएफ संग्रहात, चित्र लाइनवर, अशी वाटणी मला योग्य वाटते. पेनड्राइव्ह खोचलेल्या टीव्हीला बहुधा पीडीएफ फिरवता येत नाही. हातमोजे घातलेल्या माणसाने पान मोठं करत, सरकवत वाचावं ही अपेक्षाही चुकीची आहे. व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळंच. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र ते स्वतः दाबून लहान करतं. २०२३ मध्ये एचडीची सोय आली तरी ती निवडणारा विरळा. म्हणजे चित्र लहान होणारच आहे. ते आपल्या मापाने व्हावं की व्हॉट्सअ‍ॅपच्या, एवढाच पर्याय आहे. अक्षरं मोठी ठेवून ७२०च्या उंचीत बेतलेलं चित्र आणखी थोडं दाबलं गेलं तरी टिकतं. मोठ्या स्क्रीनच्या स्क्रीनशॉटमधलं बारीक अक्षर त्यात बुडतं.

गुणवत्ता विभागातले लोक मात्र वेगळ्या कारणासाठी कपाळाला आठ्या घालतील. आयएसओ ९००१च्या २०१५च्या आवृत्तीतलं कलम ७.५ आणि त्यावर उभं असलेलं मोटार उद्योगाचं मानक आयएटीएफ १६९४९ या दोन्हींचा आग्रह असा, की कामाच्या जागी चालू आवृत्तीचंच कागदपत्र असावं आणि जुनं चुकूनही वापरात येऊ नये. ऑडिटर मशीनसमोर उभा राहून पहिला प्रश्न आवृत्तीचाच विचारतो. चित्र एकदा सुटलं की परत बोलावता येत नाही. फोनच्या गॅलरीत ते वर्षानुवर्षं पडून राहतं. आक्षेप बिनतोड आहे, पण तो मॅक्रोविरुद्ध जात नाही. हाताने काढलेल्या स्क्रीनशॉटवर आवृत्ती बहुधा नसतेच. मॅक्रो मात्र प्रत्येक चित्राच्या खालच्या पट्टीत कागदपत्राचा क्रमांक, आवृत्ती आणि चित्र काढल्याची तारीख उमटवू शकतो, आणि पट्टी नसलेली स्लाइड नाकारू शकतो. टीव्हीच्या फोल्डरमधली जुनी चित्रं पुसून नवी टाकणं हाही त्याच फेरीचा भाग करता येतो. फोनमधल्या चित्रांना उपाय नाही. त्यांच्यावर तारीख ठळक असावी आणि ‘टीव्हीवर असेल तेच खरं’ हा नियम शिफ्ट सुरू होताना सांगितला जावा, यापलीकडे काही करता येत नाही.

एक आक्षेप याहून खोलवर जातो: दोष स्लाइडमध्येच आहे, मग तिची चित्रं कितीही नीट काढली तरी उपयोग काय? २००३च्या १ फेब्रुवारीला कोलंबिया यान कोसळलं, ज्यात कर्नालची कल्पना चावला होती. त्याच्या चौकशी समितीने अहवालात नासातल्या पॉवरपॉइंटच्या सवयीवर नाव घेऊन टीका केली. पंखावर फोम आदळल्यावर नुकसान किती झालं असेल, याबद्दलची कळीची शंका एका स्लाइडवर उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात, बारीक अक्षरात दडली होती. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी ती स्लाइड ओळ न् ओळ उकलून दाखवली. हा धडा मला पूर्ण मान्य आहे, आणि लहान चित्राची सक्ती त्याच दिशेने ढकलते असं वाटतं. अक्षर १६ पिक्सेलच्या खाली जाणार नाही असा नियम मॅक्रोत बसवला, की पाच पातळ्यांची उपमुद्द्यांची उतरण स्लाइडवर मावतच नाही. लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं की ऑपरेटरला या स्लाइडवरून नेमकं काय कळायला हवं. मोठ्या पडद्यासाठी लिहिताना ही सक्ती नसते, म्हणून पसारा होतो.

राहता राहिला प्रश्न मॅक्रो सांभाळायचा. या पट्ट्यात माणसं नोकऱ्या बदलतात. ज्या मुलाने मॅक्रो लिहिला तो पुढच्या दिवाळीला रांजणगावच्या दुसऱ्या कारखान्यात असतो, आणि एखादी आज्ञा अडली की सगळे पुन्हा स्क्रीनशॉटवर येतात. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो: मॅक्रोलाही कार्यपद्धतीसारखा कागदपत्र क्रमांक आणि आवृत्ती द्यायची, आणि दर दोन-तीन ओळींमागे टीप लिहायची. इथे एक अडचण येते. पॉवरपॉइंटची स्लाइड युनिकोड जाणते, पण मॅक्रो लिहायची खिडकी अजूनही जुन्या काळातली आहे. तिथे देवनागरीत टंकलेल्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. त्यामुळे खालच्या पट्टीतला मराठी मजकूर मॅक्रोच्या ओळीत लिहायचा नाही. तो स्लाइडवरच्याच एका चौकटीत ठेवायचा आणि मॅक्रोला तिथून उचलायला सांगायचं. टिपा मात्र मराठीतच असाव्यात, रोमन लिपीत लिहाव्या लागल्या तरी. पुढच्या मुलाला ‘इथे रुंदी बदल, उंचीला हात लावू नको’ एवढं कळलं की काम भागतं.